चारशे बारा डबे

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी ओरडले. कारखान्याच्या ऑफिसात ओरडायची पद्धत नाही, तिथे सगळे आपापल्या कीबोर्डशीच भांडतात. पण मला राहवलं नाही. नऊ महिने जे कोडं कुणाला सुटत नव्हतं ते मी, एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आश्लेषा, तीन आठवड्यांत सोडवलं होतं. उत्तर दिसलं की मला ते पोटात ठेवताच येत नाही. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई उगाच म्हणत नाही.

कोडं काय होतं ते सांगते. बेंगळुराबाहेर, बोम्मसंद्रच्या पुढे आनेकल रस्त्यावर पुष्करणी ग्राइंडर्स नावाचा कारखाना आहे. इडली-डोशाचं पीठ वाटायचे, ओट्यावर मावणारे ग्राइंडर तिथे तयार होतात. व्यवसायसंस्थेत माहिती-यंत्रणेचं नक्की काम काय, हा माझ्या प्रोजेक्टचा विषय. आमचे भीमाचार्य सर म्हणाले होते, "पुस्तकातलं मला पाठ आहे. तू एका कारखान्यात जाऊन बस. बातमी कुठून निघते, कुठे पोचते आणि कुठे अडते, एवढं बघून ये."

बातमी अडत होती स्टोअरमध्ये. तिथे चारशे बारा प्रकारचे बारीकसारीक सुटे भाग असतात: रबरी रिंगा, स्प्रिंगा, वॉशर, खिळे, क्लिपा. प्रत्येकाचे दोन डबे, एक पुढे, एक मागे. नऊ महिन्यांपूर्वी नवीन संगणक-यंत्रणा आली आणि तिचा नियम सोपा होता. भाग काढून दिला की डब्यावरची पट्टी स्कॅन करायची, किती काढले ते दाबायचं. पुढच्या डब्याचा आकडा शून्यावर आला की यंत्रणा आपणहून पुरवठादाराला मागणी पाठवणार. माल येईपर्यंत मागचा डबा पुरणार. माणसाने काही लक्षात ठेवायचं नाही, फोन करायचा नाही, वही ठेवायची नाही.

तरीही नऊ महिन्यांत जोडणीची लाइन एकतीस वेळा थांबली. साठ ग्राइंडर दगडासकट तयार, आणि रबरी रिंगेपायी सगळे हात बांधून उभे. मागणी गेलेलीच नसायची. मग खरेदी विभागाचा विराज फोनवर हातापाया पडून माल मागवायचा. घोडं पेंड कुठे खातंय ते त्यालाही कळत नव्हतं, आणि ज्यांनी यंत्रणा बसवली त्यांनाही नाही.

मी त्या सोमवारी एकच केलं. लाइन थांबल्याच्या तारखा एका रांगेत लावल्या आणि शेजारी स्टोअरमधल्या माणसांची हजेरी लावली. स्टोअर सांभाळतात गुंडूअण्णा. मूळचे निपाणीकडचे, सत्तावीस वर्षं इथेच. ते त्या नऊ महिन्यांत दोनदा रजेवर गेले होते, मिळून तीन आठवडे, आणि त्यांच्या जागी सोनम नावाची लाइनवरची मुलगी बसली होती. त्या तीन आठवड्यांत लाइन एकदाही थांबली नव्हती. एकदाही! अण्णा हजर की लाइन बंद, अण्णा गावाला की लाइन सुरळीत.

त्यावर आणखी एक पुरावा मिळाला. पडद्यावर पुढच्या डब्यांचे आकडे बघत होते तर एकाखाली एक, सतरा ओळींत फक्त "१". सतरा निरनिराळ्या वस्तू आणि सगळ्यांचा बरोब्बर एकच नग शिल्लक? असं कुठे असतं का? मी लगेच लिहून टाकलं: स्टोअरकीपर प्रत्यक्ष न मोजता आकडे ठोकून देतात.

"अगं, कमाल केलीस," विराज म्हणाला. तो पुण्याचा, मराठीत इंग्रजी की इंग्रजीत मराठी हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. "मी म्हणतच होतो, सिस्टम परफेक्ट आहे. म्हातारा मुद्दाम करतोय. त्याची वही गेली ना, तो राग आहे."

आम्ही दोघं धावतच मालकांकडे गेलो. नंदकिशोर सर म्हणजे कमी बोलणारे गृहस्थ. कारखाना त्यांच्या वडिलांनी सुरू केला आणि गुंडूअण्णांना निपाणीहून त्यांनीच आणलं. सरांनी माझा तक्ता दोनदा बघितला.

"हे शुक्रवारी अकराला सगळ्यांसमोर मांड," ते म्हणाले. "मग अण्णांना होसूरच्या गोदामाच्या गेटवर पाठवू. पगार तोच राहील. पण स्टोअरमध्ये नको."

खरं सांगते, मला आनंदच झाला. माझ्या एका तक्त्यावर अख्खी कंपनी निर्णय घेत होती! घरी परतताना मेट्रोत मी भीमाचार्य सरांना इतका लांब मेसेज लिहिला की तो तीन तुकड्यांत गेला.

*

मंगळवार-बुधवार मी स्टोअरमध्ये काढले, पुरावा पक्का करायला. आता मी अण्णांकडे चोर बघावा तशी बघत होते. गुंडूअण्णा मात्र माझ्याशी अगदी मायेने वागायचे. कारखान्यात सगळीकडे कन्नड नाहीतर हिंदी; त्यांना मराठी बोलायला माणूस मिळालं होतं. आमचं घर चामराजपेटेत, तीनशे वर्षांपासून आम्ही बेंगळुरातच, त्यामुळे माझं मराठी ऐकून त्यांना हसू यायचं.

"तुझं मराठी म्हंजे साराच्या भातात श्रीखंड," ते म्हणाले. "बस हितं. मोजायचं काय हाय त्ये मोज."

मी मोजत होते ती त्यांची हालचाल. स्कॅन वेळेवर करायचे. आकडा बरोबर दाबायचे. दहा रिंगा दिल्या तर दहाच. मला ते बघून वैताग आला. मी समोर आहे म्हणून नीट करतायत, असं मी ठरवून टाकलं. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला साप दिसत होता ना.

"अण्णा, मग लाइन का थांबते?" मी एकदाच विचारलं, तेही खोचून.

"यंत्र इसरतंय," ते म्हणाले. "मी आपलं सगळं सांगतो त्येला, टुक टुक करून. पर त्ये फुडं निरोप देत न्हाई. मी ऑफिसात जाऊन बोललो की इराजसाहेब पडदा बघत्यात, म्हणत्यात, शिल्लक हाय की अण्णा. मग मी काय बोलणार?"

मी मनात म्हटलं, काय पण नाटक आहे.

गुरुवारी दुपारी मी निघताना त्यांनी हाक मारली. हातात फडकं होतं, एक डबा पुसत होते.

"मला गेटवर घालणार म्हणत्यात. खरं हाय व्हय?"

मी पिशवी खांद्याला अडकवली. "बघू, अण्णा. उद्या मीटिंग आहे."

"गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं नंबर लिवायचं. त्ये कुणीबी लिवतंय." त्यांनी डबा जागेवर ठेवला, तोंड बरोबर बाहेरच्या बाजूला. "हितं मला डोळं झाकून सांग, तीनशे सात नंबर कुठाय. मी हात घालून देतो. बायको गेली तवा बी मी चौथ्या दिशी हितंच येऊन बसलो. मला हितनं काढलं तर मी जाऊ कुठं, सांग की."

वाईट वाटलं. पण आकडे माझ्या बाजूने होते आणि मी त्यांनाच धरून बसले.

*

शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता आमच्या स्वयंपाकघरात धांदल होती. मी नवीन कुर्ता घालून तयार, लॅपटॉप पिशवीत, तोंडाने भाषण पाठ करत होते. आई, म्हणजे अनुसूयाबाई, गॅससमोरून हलायला तयार नव्हती.

"आशू, स्वल्प मदत कर की. दोन वाट्या तांदूळ काढ. आणि तू जेवणाचा डबा घेतल्याशिवाय जायचं नाहीस, कळलं, सरी?"

मी तांदळाचा डबा ओढला. तळाशी दोन वाट्याच होत्या. एक काढली, दुसरी काढली, आणि उरलेले दाणे मिळवायला डबा उलटा करून थोपटायला लागले.

"अग अग, काय करतेस!" आई कालथा घेऊनच वळली. "चार दाणे राहू दे त्यात! भरल्या घरात डबा रिकामा करत नसतात. किती वेळा सांगायचं तुला, एंजिनेर झालीस तरी?"

"मी इंजिनियर नाहीये ग, मी..."

आणि मी तिथेच थांबले. हातात डबा, डब्यात चार दाणे.

सतरा ओळी. सतरा वेळा "१".

त्यांनी ठोकून दिलेला आकडा नव्हता तो. तो खरा होता! पुढच्या डब्यात खरोखरच एक नग होता. प्रत्येक डब्यात, नेमाने, एकच नग, कारण गुंडूअण्णांचा हात डबा रिकामा करूच शकत नव्हता. आणि यंत्रणा बिचारी शून्याची वाट बघत बसली होती. शून्य आलं तर ती मागणी पाठवणार, आणि अण्णा तिला जन्मात शून्य दाखवणार नव्हते. सोनमला यातलं काही माहीत नव्हतं. ती डबे खरवडून मोकळी व्हायची. म्हणून ती असली की मागण्या जायच्या!

मी असं काही किंचाळले की आईच्या हातातला कालथा खाली पडला.

"काय झालं? भाजलं का?"

"आई, तू हुशार आहेस!"

"ते मला माहीत आहे. तांदूळ दे आधी."

तांदूळ दिले, जेवणाचा डबा घेतला नाही, चपला पायात अडकवत सुटले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन आठवडे मी आकड्यांचे तक्ते करत होते आणि उत्तर आमच्या फडताळात होतं. मार्केट स्टेशनवर जिने चढताना मला धाप लागली होती आणि हसूही आवरत नव्हतं. आर. व्ही. रोडला गाडी बदलायची होती. पिवळ्या लाइनच्या फलाटावर पुढची गाडी अकरा मिनिटांनी असं लिहून आलं आणि ती अकरा मिनिटं मी येरझाऱ्या घालून काढली. शेजारच्या बाईंना वाटलं असेल, हिचं आज लग्न ठरतंय. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. मी चुकले होते, ठार चुकले होते, आणि मला त्याचाच आनंद होत होता, कारण अण्णांचं स्टोअर वाचणार होतं.

बोम्मसंद्रला रिक्षात बसले आणि ओरडले, "स्वल्प बेग होगी अण्णा!" रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि खरोखरच रिक्षा पळवली.

*

सव्वानऊला मी स्टोअरमध्ये होते. गुंडूअण्णा नुकतेच दिवा लावून, उदबत्ती ओवाळून बसले होते.

"अण्णा, हा डबा बघू?" मी रबरी रिंगांचा पुढचा डबा ओढला. आत एक रिंग होती. शेजारचा ओढला, एक स्प्रिंग. त्याच्या शेजारी एक वॉशर. मी एकेक डबा ओढत गेले. "हे एकेक का ठेवलंय?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच काहीतरी विचित्र विचारलं असावं.

"का म्हंजे? डबा रिकामा करत्यात व्हय? बरकत जाती."

"आणि ती शेवटची रिंग तुम्ही कधीच देत नाही?"

"फुडचा डबा तळाला आला की मागचा घ्यायचा. ह्यो आपला भरायला येणाऱ्या मालाची वाट बघत ऱ्हातोय."

"पण अण्णा, पुढचा डबा शून्य झाल्याशिवाय यंत्र माल मागवतच नाही! हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"कुणी?" ते म्हणाले. "शिकवायला आल्ता त्यो पोरगा इंग्रजीत बोलला अर्धा तास. मला म्हणला, तुमी निस्तं स्कॅन करा, बाकी यंत्र बघंल."

मी टाळ्या वाजवल्या. खरंच, एकटीने उभं राहून वाजवल्या. मग त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना सगळं समजावलं, एकतीस वेळांचं, तीन आठवड्यांचं, सतरा ओळींचं. मी बोलतच होते, बोलतच होते. त्यांचा चेहरा बघायचं मला सुचलंच नाही.

माझं संपल्यावर ते हळूच स्टुलावर बसले.

"म्हंजे लाइन मी थांबवत हुतो," ते म्हणाले. "यंत्र न्हाई. मीच."

मी त्यांना सोडवायला पळत आले होते आणि येऊन काय केलं, तर नऊ महिन्यांचा सगळा दोष उचलून त्यांच्या पदरात घातला. हा माणूस नऊ महिने यंत्राला दोष देऊन निदान शांत झोपत होता.

"अण्णा, सोमवारी मी लिहून दिलं की तुम्ही मुद्दाम करता," मी म्हणाले. ते आता लपवण्यात अर्थ नव्हता. "म्हणून तुम्हाला गेटवर पाठवतायत. माझ्यामुळे. माझं चुकलं."

ते फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेला डबा पुसत बसले.

*

मीटिंग ऑफिसात व्हायचीच नाही असा मी हट्ट धरला आणि अकरा वाजता सगळ्यांना स्टोअरमध्ये आणलं. नंदकिशोर सर, विराज, सोनम. मी डबे उघडून दाखवले, पडदा दाखवला. सतरा डबे, सतरा "१". सोनमला विचारलं तर ती म्हणाली, "मी तर सगळं काढून देते, सांडलेलंसुद्धा." विराजचं तोंड उघडंच राहिलं.

"ओ माय गॉड," तो म्हणाला. "म्हणजे ट्रिगरच कधी फायर झाला नाही!"

"मग नियम बदला," मी म्हणाले. "शून्याऐवजी एक करा. एक नग उरला की मागणी जाऊ दे. एवढंच!"

"एवढंच नाही ना ग. नियम सॉफ्टवेअरच्या व्हेंडरकडे आहे. रिक्वेस्ट टाकायची, मग अप्रूव्हल, मग टेस्टिंग. पंधरा दिवस तरी."

तेवढ्यात दारातून लाइनचा सुपरवायझर दयानंद घामाघूम होऊन डोकावला. "सर, रबर रिंग इल्ला! लाइन निंतोय्तु!"

लाइन पुन्हा थांबली होती. बत्तिसावी खेप. नंदकिशोर सरांनी कपाळ चोळलं.

"आश्लेषा, तू शोधलंस ते पटलं मला," ते म्हणाले. "अण्णांनी मुद्दाम केलं नाही, मान्य. पण पंधरा दिवस मी रोज लाइन थांबवू शकत नाही. तोवर सोनमला बसवतो. आणि एकदा ती बसली की..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. खिशात अण्णांच्या बदलीच्या पत्राचं लांब पाकीट होतं, त्यावर हात ठेवला. "अण्णा, नाहीतर तुम्हीच डबे रिकामे करा. आत्ता. जमेल?"

गुंडूअण्णा उठले. रिंगांच्या डब्याशी गेले, आत हात घातला, शेवटची रिंग बोटांत धरली. त्यांनी रिंग अर्धी वर काढली आणि परत खाली ठेवली.

"माझा हात चालत न्हाई, मालक," ते म्हणाले. "तुमच्या वडलांच्या स्टोअरचा डबा मी रिकामा करू? पटत न्हाई मला. मी गेटवर जातो."

मला रडूच आलं. खरं उत्तर सापडूनही हा माणूस जाणार होता! माझ्याकडची सगळी माहिती संपली होती.

अण्णा दाराकडे निघाले आणि मधेच थांबले. विचार करताना ते खिसे चाचपत होते. शर्टाच्या आतून त्यांनी पान खायची चंची काढली. कारखान्यात पान खायला सक्त मनाई आहे. त्या क्षणी कुणी त्यांना अडवलं नाही. त्यांनी चंचीतून एक अख्खी सुपारी काढली, तळहातावर धरून बघितली आणि एकदम वळले.

"घरधनीण न्हाई म्हणून मी सात वर्षं तिच्या जागी कनवटीला सुपारी लावून पूजेला बसतोय," ते म्हणाले. "द्येव चालवून घेतोय. मग डबा का न्हाई घेणार?"

त्यांनी सुपारी कपाळाला लावली, रिंगांच्या डब्यात ठेवली आणि शेवटची रिंग बाहेर काढली. डबा रिकामा झाला नव्हता. आत सुपारी होती. त्यांनी पट्टी स्कॅन केली, एकचा आकडा दाबला.

पडद्यावर शून्य आलं. नऊ महिन्यांत अण्णांच्या हातून आलेलं पहिलं शून्य.

विराजचा फोन टिंग करून वाजला. "गेली!" तो ओरडला. "ऑर्डर गेली! अण्णा, ऑर्डर गेली!" पुण्याचं सगळं इंग्रजी विसरून तो नाचायला लागला होता.

"थांबा की," अण्णा म्हणाले. दुसरी सुपारी स्प्रिंगेच्या डब्यात. स्कॅन. टिंग. तिसरी वॉशरच्या डब्यात. टिंग. चौथी. टिंग! दर आवाजाला सोनम टाळी वाजवत होती. दयानंदला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण तोही हसत होता. मी तर उड्या मारत होते, नव्या कुर्त्यासकट. पुरवठादाराचा फोन आला, म्हणाला, आज काय सण आहे का तुमच्याकडे?

पाचव्या डब्यापाशी अण्णा थांबले. चंची उलटी करून दाखवली. "चारच हुत्या."

सगळे नंदकिशोर सरांकडे बघायला लागले. त्यांनी गाडीची किल्ली घेतली आणि बाहेर पडले. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तिथेच उभे होतो. त्या वेळात विराजने रिंगांसाठी फोन करून मोटरसायकलवरून एक पिशवी मागवली. सर त्या पत्रावर सही करायला गेले की आणखी कुठे, कोण जाणे. अण्णा स्टुलावर बसून राहिले होते.

सर परत आले तेव्हा त्यांच्या हातात किराणा दुकानाची जड पिशवी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. आतून सुपाऱ्या घरंगळल्या.

"अण्णा, पुढचे चारशे बारा डबे आहेत. मोजून घ्या."

गुंडूअण्णांनी पिशवीला हात लावला नाही. "मी मोजू, का सोनम मोजंल?" त्यांनी विचारलं. "आधी त्ये सांगा."

नंदकिशोर सरांनी खिशातलं पाकीट काढलं, मधोमध फाडलं, आणि तुकडे परत खिशात घातले. स्टोअरमध्ये कचरा टाकलेला अण्णांना खपत नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत असावं.

"तुम्हीच," ते म्हणाले. "आणि यापुढे स्टोअरसाठी कुठलाही नियम बसवायचा तर आधी तुम्हाला विचारून. विराज, लिहून घे."

अण्णांनी डोळे पुसले, फडक्यानेच. आभार वगैरे मानले नाहीत. पिशवीत हात घालून मूठभर सुपाऱ्या काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या.

"धर. ह्या रांगेतलं पन्नास डबं तुझं," ते म्हणाले. "आणि पोरी, ह्या खेपेला आधी इचार. मग लिव."

ते नेमकं वर्मी बसलं. मी लॅपटॉपची पिशवी खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि ओंजळ पुढे केली.

"अण्णा," मी विचारलं, "पहिला कुठला घेऊ?"